स्प्रे ठीक आहे, पण मोरीचं काय?

वर कुणीतरी लिहिलंय की दर महिन्याला घराबाहेरून झुरळ-विंचवांसाठी स्प्रे मारून घेतला की ॲरिझोनाचा उन्हाळा निवांत जातो. अर्धंच पटतंय. मोठी लालसर झुरळं काही फक्त दारातून येत नाहीत, ती गटारातून पाइपने वर येतात, आणि ते आम्हाला कळलं भारतातून परत आल्यावर. जून-जुलै सहा आठवडे घर बंद, बाहेर ४५ डिग्री, आलो आणि पाहुण्यांच्या बाथरूमचा लाइट लावला तर टबमध्ये तीन झुरळं मिशा हलवत बसलेली, जसं काही भाडं तेच भरतायत! स्प्रेवाला तर आदल्याच आठवड्यात मारून गेला होता. झालं असं की मोरीखालच्या वाकड्या पाइपमध्ये (पी-ट्रॅप म्हणतात त्याला) जे पाणी साचलेलं असतं ना, तेच खालची वाट अडवून धरतं, आणि इथल्या कोरड्या हवेत नळ सोडला नाही तर ते पार आटून जातं. आता निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर गोडंतेल ओतते, तेलाचा थर आला की पाणी लवकर उडत नाही. शिवाय टबाला बूच.

विंचवांचं म्हणाल तर रात्री यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च घेऊन कंपाउंडच्या भिंतीवर मारून बघा, हिरवे चमकतात मेले. दाराखालून उजेड दिसत असेल तर आधी तिथे रबरी पट्टी लावा, स्प्रेचं नंतर बघू.