नॉर्थ कॅरोलायनाचा बार्बेक्यू सॉस घरी करताना त्यात केचप घालावे का?

निखारा (धागाकर्ता, रॅले)

नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागातील बार्बेक्यू सॉसला मोजून चार जिन्नस लागतात आणि तो करायला शेगडीही पेटवावी लागत नाही. तरीही रॅले आणि कॅरी परिसरातील आपल्या मराठी घरांत तो करताना हमखास केचपची बाटली उघडली जाते. तसे करू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी अवश्य विरोध करावा. मात्र ‘आम्हाला तसेच आवडते’ एवढ्यावर न थांबता कारणे द्यावीत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. या राज्यात बार्बेक्यू म्हटले की ओक किंवा हिकरीच्या निखाऱ्यांवर कित्येक तास मंद शिजवलेले डुकराचे मांस समजले जाते. पूर्वेकडे अख्खे डुक्कर शिजवून त्याचे सगळे भाग एकत्र चिरतात आणि त्यावर व्हिनेगर, मीठ, मिरे व लाल मिरची यांचा पाण्यासारखा पातळ सॉस घालतात. एडन गावातील १९४७ सालचे स्कायलाइट इन हे या पद्धतीचे नावाजलेले ठिकाण आहे. पश्चिमेला पिडमॉन्ट भागात, लेक्सिंग्टनच्या पद्धतीत, केवळ खांद्याचे मांस शिजवतात आणि सॉसला डिप म्हणतात. त्यात व्हिनेगरच्या जोडीला केचप आणि साखर असते. या दोन प्रदेशांची हद्द ढोबळमानाने रॅलेच्या आसपास मानली जाते, त्यामुळे आपल्या भागात दोन्ही चवी भेटतात आणि घरी त्यांची सरमिसळ होते.

माझे प्रमाण असे आहे. दोन कप, म्हणजे सुमारे ४८० मिली, ५ टक्के आम्लतेचे सफरचंदाचे व्हिनेगर घ्यावे. त्यात एक मोठा चमचा मीठ, एक मोठा चमचा लाल मिरचीचे फ्लेक्स आणि एक लहान चमचा जाडसर कुटलेले मिरे घालावेत. काचेच्या बाटलीत मीठ विरघळेपर्यंत हलवून किमान एक दिवस तसेच ठेवावे. उकळू नये; उकळल्याने घरभर डोळ्यांना झोंबणारी वाफ होते आणि व्हिनेगरचा ताजेपणा जातो. मिरचीचा तिखटपणा आणि रंग त्यात आपोआप उतरतात, मात्र त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि तो न देता लगेच चाखून ‘हे तर नुसते आंबट आहे’ म्हणणारे लोकच पुढे केचपकडे वळतात.

आता मुख्य मुद्दा. मंद आचेवर शिजलेल्या मांसात वितळलेली चरबी असते आणि कोलॅजन विरघळून झालेले जिलेटिन असते. त्या स्निग्धतेमुळे दोन-चार घासांनंतर जीभ मंदावते. व्हिनेगर तिला पुन्हा जागे करते आणि धुराची चव मोकळी ठेवते. तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो, गोड चटणी थापत नाही, त्यामागचा विचार हाच आहे. केचपमध्ये टोमॅटोइतकीच साखरही बोलते, आणि त्या दोघांच्या खाली धूर दबून जातो. शिवाय पूर्वेचा सॉस शिजत्या मांसावर आरंभापासून शिंपडता येतो. साखर असलेला सॉस तसा वापरला तर ती साखर करपून कडू होते.

डिपवाली (विन्स्टन-सेलम)

आपली मांडणी नेटकी आहे, परंतु तिचा पायाच घरगुती स्वयंपाकाला लागू पडत नाही.

आपण ज्या सॉसची बाजू घेता तो अख्ख्या डुकरासाठी घडलेला आहे. अख्ख्या डुकरात पाठीचे कोरडे मांस असते, पोटाची चरबी असते, कुरकुरीत कातडी असते, आणि हे सगळे एकत्र चिरल्यावर त्यातच इतकी विविधता येते की सॉसने आंबटपणा आणि तिखटपणा दिला तरी पुरते. आपल्यापैकी किती जणांच्या अंगणात अख्खे डुक्कर शिजते? आपण सगळे दुकानातून तीन-चार किलोचा खांदा आणतो आणि तो ओव्हनमध्ये किंवा लहान स्मोकरमध्ये ठेवतो. खांदा हा लेक्सिंग्टनचा तुकडा आहे. ज्या तुकड्यासाठी एका गावाने शंभर वर्षे खपून सॉस बसवला, तो तुकडा हाती असताना दुसऱ्या तुकड्याचा सॉस त्यावर घालायचा आणि त्यालाच शुद्धता म्हणायचे, हे मला तर्कसंगत वाटत नाही.

लेक्सिंग्टनची परंपरा नंतरची किंवा भेसळीची आहे असा एक सूर आपल्या लेखनात जाणवतो, म्हणून हेही लिहिते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात लेक्सिंग्टनच्या न्यायालयासमोर सिड वीव्हर आणि जेस स्वाइसगुड यांनी तंबू ठोकून बार्बेक्यू विकायला सुरुवात केली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या वॉर्नर स्टेमी यांनी पुढे अनेकांना तयार केले, आणि त्याच परंपरेतील वेन मंक यांनी १९६२ मध्ये काढलेले लेक्सिंग्टन बार्बेक्यू आजही चालू आहे. १९८४ पासून त्या गावात दर ऑक्टोबरमध्ये बार्बेक्यू महोत्सव भरतो. त्याला राज्याचा अधिकृत खाद्यमहोत्सव म्हणावे असा प्रस्ताव विधिमंडळात आला तेव्हा पूर्वेकडून विरोध झाला, आणि अखेर २००७ मध्ये त्याला केवळ पिडमॉन्ट ट्रायड विभागाचा अधिकृत खाद्यमहोत्सव ठरवून तडजोड करण्यात आली. पूर्वेचा हा आग्रह जुना आहे, हे मान्य. पण आग्रह म्हणजे पुरावा नव्हे.

माझे डिप असे: दोन कप सफरचंदाचे व्हिनेगर, अर्धा कप पाणी, अर्धा कप केचप, दोन मोठे चमचे ब्राऊन शुगर, दोन लहान चमचे मीठ, एक लहान चमचा मिरची फ्लेक्स आणि अर्धा लहान चमचा मिरेपूड. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत गरम करायचे, दाट होऊ द्यायचे नाही. त्यात थोडे टेक्सस पीट घातले तर उत्तम. नावावरून वाटत नसले तरी तो तिखट सॉस आमच्या विन्स्टन-सेलमचाच आहे. हेच डिप बारीक चिरलेल्या कोबीत घालून लाल स्लॉ होतो, आणि त्यामुळे ताटातील दोन पदार्थ एकाच चवीने बांधले जातात. पूर्वेच्या मेयोनेजच्या पांढऱ्या स्लॉला हे जमत नाही.

निखारा

खांद्याचा मुद्दा मोलाचा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. खांद्यात चरबी आणि कोलॅजन भरपूर असते, म्हणून तर तो आतून ९० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा लागतो आणि मग हाताने सुटतो. पाठीचे कोरडे मांस त्यात मिसळलेले नसल्याने तो अख्ख्या डुकराच्या मिश्रणाहून अधिक स्निग्ध लागतो. म्हणजे आंबटाची गरज खांद्याला अधिक आहे, कमी नाही. आपल्याच प्रमाणात अर्धा कप पाणी आणि अर्धा कप केचप घालून व्हिनेगरची धार बरीच बोथट केलेली आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लेक्सिंग्टनच्या पाककृतीशी माझे भांडण नाही. ते डिप पातळ असते, मांसात मुरते, आणि ते करणाऱ्यांना आपले प्रमाण पक्के ठाऊक असते. माझे म्हणणे घरातल्या केचपविषयी आहे. घरात ते अर्ध्या कपावर थांबत नाही. मुलांना आंबट लागते म्हणून पाऊण कप होते, मग मांसाला नीट चिकटत नाही म्हणून सॉस आटवला जातो, त्यात काकवीसारखी मोलॅसिस येते, आणि जे तयार होते ते कॅन्सस सिटीच्या दाट गोड सॉसचे भावंड असते. कॅन्सस सिटीच्या सॉसला त्याचे स्वतःचे स्थान आहे. परंतु तो करायचा असेल तर तोच करावा, त्याला कॅरोलायनाचे नाव देऊ नये.

माडाचे_झाड (म्हापसा)

आपल्या दोघांचेही वाचले. मी म्हापशाहून लिहितो आहे, जिथे डुकराचे मांस, व्हिनेगर आणि मिरची यांचा संबंध कोणाला शिकवावा लागत नाही. पोर्तुगीजांची व्हिनेगर-लसणात मांस मुरवण्याची रीत आमच्याकडे आली आणि तिचे विंदालू झाले. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून अमेरिका खंडातून इकडे आली. म्हणून मला हा सॉस पहिल्यांदा वाचतानाच ओळखीचा वाटला.

माझा आक्षेप मात्र दोघांनाही आहे. सफरचंदाच्या व्हिनेगरचा आग्रह कशासाठी? ते कॅरोलायनात घरोघरी असते म्हणून त्या सॉसमध्ये गेले. माझ्या घरी माडाच्या सुरेचे व्हिनेगर असते. प्रादेशिक सॉस म्हणजे त्या प्रदेशात जे हाताशी आहे त्यातून झालेला सॉस, हे तत्त्व मानले तर गोव्यात तो माडाच्या व्हिनेगरचाच व्हायला हवा, आणि मग केचप हवे की नको हा वादच दुय्यम ठरतो.

निखारा

@माडाचे_झाड, माडाचे व्हिनेगर अवश्य वापरावे. ते आंबवून झालेले असते, त्याला स्वतःचा गंध असतो, आणि चार जिन्नसांच्या सॉसमध्ये व्हिनेगरला गंध असणे फार आवश्यक आहे. दोन सूचना मात्र कराव्याशा वाटतात. घरगुती व्हिनेगरची आम्लता प्रत्येक खेपेला सारखी नसते, त्यामुळे मीठ आधी निम्मेच घालून चव पाहावी. आणि भारतातील ज्या वाचकांना माडाचे व्हिनेगर मिळत नाही, त्यांनी बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे छापलेले पांढरे व्हिनेगर या कामासाठी घेऊ नये. ते ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते आणि त्यात आंबटाखेरीज काहीच नसते. लोणच्यात इतर मसाले ते झाकतात, इथे झाकायला काही नाही. मिरचीबद्दल म्हणायचे तर नुसती ब्याडगी वापरली तर रंग येईल पण तिखटपणा कमी पडेल, म्हणून तिच्यात थोडी लवंगी मिसळावी.

तत्त्वाबद्दल मात्र मी सहमत नाही. जिन्नस बदलता येतो, रचना बदलता येत नाही. आंबट, खारट, तिखट आणि त्याखाली धूर, ही या सॉसची रचना आहे. माडाच्या व्हिनेगरने ती टिकते. केचपने त्यात गोड आणि दाट असे दोन नवे पाहुणे येतात, म्हणून वाद दुय्यम नाही.

इतिहासप्रेमी (डरॅम)

रचना आणि शुद्धता यांविषयी एवढे लिहून झाले, पण हा सॉस कोणाच्या हातून घडला हे कोणीच लिहिले नाही, याचे मला वाईट वाटले. दक्षिणेतील खड्ड्यावरचा बार्बेक्यू पिढ्यान्‌पिढ्या गुलामगिरीत राबवलेल्या आणि पुढे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय आचाऱ्यांनी उभा केला; रात्रभर निखारे सरकवणे आणि मांसावर व्हिनेगर-मिरची शिंपडणे हे काम त्यांचे होते. गोल्ड्सबरोचे ॲडम स्कॉट यांच्या नावाचा व्हिनेगर-मिरचीचा सॉस पुढे बाटलीबंद होऊन विकला गेला. विल्सनचे एड मिचेल यांनी अख्ख्या डुकराची जुनी पद्धत आपल्या काळात पुन्हा लोकांसमोर आणली. शेजारच्या साउथ कॅरोलायनातील हेमिंगवे गावचे रॉडनी स्कॉट यांना २०१८ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार हा अमेरिकेतील आचाऱ्यांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि तेही व्हिनेगर-मिरचीच्याच परंपरेतले आहेत.

केचपच्या प्रश्नावर माझे मत निखारा यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळे आहे. हा सॉस शिजवण्याच्या कामाचा भाग होता, वाढण्याच्या वेळी वरून घालायची गोष्ट नंतरची. घरी सॉस करणाऱ्याने तो निम्मा तरी शिजताना वापरावा. ओव्हनमध्ये केले तरी शेवटच्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने शिंपडावा. ज्या सॉसला आच सोसत नाही तो या मांसाचा अर्धाच सोबती आहे.

मोहरी (कोलंबिया, साउथ कॅरोलायना)

आमच्या मध्य भागात पिवळ्या मोहरीचा सॉस असतो आणि त्याचे श्रेय बहुधा जर्मन वसाहतकऱ्यांना दिले जाते. त्यातही साखर असते. तेव्हा ‘गोड आले की कॅरोलायना संपली’ हे विधान निदान दोन कॅरोलायनांपैकी एकीत तरी टिकत नाही.

डिपवाली

@इतिहासप्रेमी, आपण दिलेली माहिती या धाग्यात पहिल्याच प्रतिसादात यायला हवी होती, त्याबद्दल आभार. आच सोसण्याचा मुद्दाही खरा आहे, परंतु डिप हे वाढतानाच घालायचे असते, आणि ते त्यासाठीच बनते.

@निखारा, केचप घरात वाढत जाते हे आपले निरीक्षण मी नाकारत नाही. पण वाढत जाणाऱ्या गोष्टीवर उपाय मापाचा असतो, बंदीचा नव्हे. मीठही हाताने जास्त पडते, म्हणून आपण मीठ वर्ज्य करत नाही. शिवाय ओव्हनमध्ये केलेल्या खांद्याला धूर नसतोच. आपण म्हणता केचप धुराला दाबते. जिथे धूरच नाही तिथे ते कशाला दाबते आहे? तिथे टोमॅटो आणि थोडी करपट गोडी यांनी जी खोली येते ती नुसत्या व्हिनेगरने येत नाही, आणि आपल्यातील बहुतेक जण ओव्हनच वापरतात.

निखारा

ओव्हनच्या बाबतीत आपला मुद्दा सर्वांत बळकट आहे. तरीही माझे उत्तर केचप नाही. धूर नसेल तर मांसालाच खोली द्यावी: मीठ-मिरे चोळून रात्रभर फ्रीजमध्ये उघडे ठेवावे, १२० अंश सेल्सिअसवर न झाकता शिजवावे म्हणजे बाहेरची साल गडद आणि खरपूस होते, आणि चिरताना ती साल बारीक करून सगळ्या मांसात मिसळावी. आपण म्हणता ती खोली त्या सालीत असते. बहुतेक घरांत मांस फॉइलमध्ये गुंडाळून वाफवले जाते, ते फिके निघते, आणि मग सॉसकडून सालीचे काम करून घ्यावे लागते.

डिपवाली

साल चिरून मिसळण्याचे आपले म्हणणे लेक्सिंग्टनलाही मान्य होईल. तिथे गिऱ्हाईक ती वेगळी मागून घेते. ती आणि डिप यांत मला एकाची निवड करावीशी वाटत नाही. टिकण्याबद्दल कोणी विचारण्याआधी लिहून ठेवते: आपला सॉस कपाटात महिनोन्‌महिने राहतो, माझे डिप फ्रीजमध्ये ठेवावे लागते, आणि वाढण्यापूर्वी ते पुन्हा गरम केलेले बरे, कारण थंड डिप घातल्यास खांद्याची चरबी गोठू लागते आणि मग ते मांसात नीट मुरत नाही.