शब्दचर्चा : पगार, वेतन, मानधन, मोबदला

प्रश्न, गुहागर तालुक्यातून
ग्रामसभेच्या ठरावात आम्ही लिहिलं, 'अंगणवाडी सेविकांचे वेतन दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत जमा व्हावे.' वाचून दाखवताना हरकत आली : वेतन नव्हे, मानधन लिहा. या शब्दांत खरंच इतकं अंतर आहे का? जाणकारांनी सांगावं.

मालवणहून
'पगार' आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत ते 'पैसे चुकते करणे' असं क्रियापद आहे, आपण त्याचं नाम केलं. बोलताना आम्ही काही भेद करत नाही. "पगार इलो काय?" हे तलाठ्याला विचारतात, ट्रॉलरवरच्या खलाशाला विचारतात आणि अंगणवाडीतल्या बाईंनाही. भेद सुरू होतो तो कागदावर.

अलिबागहून
दादा बरोबर बोलले. ताई, कागदावर हे अंतर फार मोठं आहे.

'वेतन' म्हटलं की वेतनश्रेणी येते, वार्षिक वेतनवाढ येते, महागाई भत्ता येतो. सातव्या वेतन आयोगाने केंद्रात किमान मूळ वेतन १८,००० ठरवलं, सर्वांत वरचं २,५०,०००. म्हणजे साधारण चौदा पट. (कौटिलीय अर्थशास्त्रात हाच 'वेतन' शब्द आहे. तिथे मंत्री-सेनापतींना ४८,००० 'पण' (तेव्हाचं नाणं) आणि खालच्या सेवकांना ६० : आठशे पट!) ही तुलना करता येते, कारण दोन्हीकडे तक्ता मांडलेला आहे. कुणालाही बोट ठेवून विचारता येतं, की हा आकडा असा का?

'मानधन' या शब्दाला असा तक्ता नाही. मुळात ते कीर्तनकाराला, पाहुण्या व्याख्यात्याला द्यायचं. त्याने एक संध्याकाळ दिली, आपण मान राखला. पण रोज सकाळी मुलं गोळा करणारी, वजनं घेणारी, पोषण आहाराची नोंद ठेवणारी बाई पाहुणी कशी? शिक्षणसेवकांचंही तेच. तीन वर्षं तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम. शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना वेतन आणि यांना मानधन. प्राथमिकचं ६,००० होतं, ते २०२३ पासून १६,००० झालं. महागाई मात्र दर महिन्याला वाढते. आशाताईंना तर 'मोबदला', म्हणजे कामागणिक दर.

म्हणून माझं ठाम मत आहे, की महिनोन्‌महिने नेमून दिलेलं काम करून घ्यायचं असेल तर त्या पैशाला वेतनच म्हणावं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात, १९७२ च्या उपदान कायद्यासाठी हे मानधन वेतनाच्या व्याख्येत बसतं असं स्पष्ट म्हटलं. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी.

प्रश्नकर्ती
काका, आभार. पण शासन निर्णयात 'मानधन' असताना ठरावात नुसतं 'वेतन' लिहिलं तर कागद परत येईल ना?

अलिबागहून
ती भीती रास्त आहे. असं लिहा : 'सध्या मानधन या नावाने दिले जाणारे वेतन'. कागद जागच्या जागी पोचतो आणि आपलं म्हणणंही राहतं.

राजापूरहून
त्यातच एक वाक्य वाढवा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना दरमहा किती मिळतं ते मागणीची वाट न पाहता जाहीर करायचं असतं. त्या यादीत मानधन, मोबदला आणि कंत्राटी ठोक रक्कम घेणाऱ्यांचीही पदनिहाय रक्कम लावा, अशी मागणी करा. एकाच इमारतीत एकाच कामाचे किती वेगवेगळे दर आहेत, ते लोकांना फलकावर वाचू दे.

आणि 'जमा व्हावे' ऐवजी 'जमा करावे' लिहा. 'व्हावे' म्हटलं की करणारा कुणीच उरत नाही.