मदत हवी आहे: गुडघ्याच्या पेशंटचा ठरलेला प्लॅन कुठे अडतो ते शोधायचंय, पण फॉर्मवर खरं कारण कोणी लिहीतच नाही

अबोली

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी मुंबईत, मध्य रेल्वेच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे, ऑर्थो वॉर्डला बरीच वर्षं झाली आणि या वर्षीपासून वॉर्ड सांभाळून क्वालिटीचं कामही माझ्याकडे आलंय. आमच्याकडे गुडघा बदलायच्या ऑपरेशनला पाथवे आहे, म्हणजे कुठल्या दिवशी काय व्हायला हवं ते आधीच आखून ठेवलेलं. अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या तासाभरात आणि तेही टूर्निके (रक्त थांबवायला मांडीला बांधतात तो पट्टा) फुगवायच्या आत पूर्ण गेलेलं हवं, त्याच दिवशी संध्याकाळी वॉकर धरून चार पावलं चालवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेटर (लघवीची नळी) काढायचा, मग जिने चढउतार, मग तिसऱ्या दिवशी घरी. यातलं जे ठरल्यासारखं झालं नाही ते फाईलच्या मागे लावलेल्या फॉर्मवर लिहायचं, काय राहिलं आणि का राहिलं. याला आम्ही व्हेरिअन्स फॉर्म म्हणतो.

तर गेल्या पाच महिन्यांचे फॉर्म ड्युटी संपल्यावर बसून वाचले. कारणाच्या रकान्यात जवळपास सगळीकडे एकच, 'पेशंट अनविलिंग', नाहीतर 'पेशंटला पेन'. मला ते पटेना, कारण त्याच काकी दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जातात हे मी स्वतः बघते. म्हणून मुद्दाम एक आठवडा इव्हिनिंग मागून घेतली. दुसरी केस ओटीतून वर येते साडेतीन-चारला, स्पायनलचा, म्हणजे कमरेत दिलेल्या भुलीचा, असर पुरता उतरलेला नसतो, फिजिओची ड्युटी पाचला संपते. पायात जीव येईपर्यंत फिजिओ स्टेशनवर पोचलेली असते. मग उरतात दोन सिस्टर आणि भरलेला वॉर्ड. त्यातली एक धावतपळत येऊन विचारते, काकी उभं राहता का? काकी घाबरतात, नको म्हणतात, सिस्टर लिहिते पेशंट अनविलिंग. ती खोटं लिहीत नाही हो. पण कारण काकी नाहीत ना, कारण ओटीची वेळ आणि फिजिओची वेळ जुळत नाही हे आहे, आणि ते लिहायला फॉर्मवर जागाच नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. फॉर्मवर एक रकाना आहे 'जबाबदार व्यक्ती'. मागे एका मीटिंगमध्ये एका नव्या मुलीचं नाव सगळ्यांसमोर वाचलं गेलं, कॅथेटर वेळेत काढला नाही म्हणून. ती ऑर्डरची वाट बघत होती, सरांचा राउंड अकराला होतो. ती पोर लिननच्या खोलीत जाऊन रडत होती, मी तिला चहा दिला आणि तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही. त्यानंतर आमचे फॉर्म एकदम स्वच्छ यायला लागले. वर सगळ्यांना वाटतं वॉर्ड सुधारला.

मला हे नीट करायचंय, नुसत्या एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या बोर्डाच्या) फाईलसाठी नाही. तुमच्यापैकी कोणी हे काम केलंय का? लोकं खरं लिहितील असा फॉर्म कसा करायचा, आणि महिन्याच्या शेवटी हे कागद हातात आल्यावर त्यातून काढायचं काय?

मोजपट्टी

अबोलीताई, मी दहाएक वर्षं क्वालिटीत आहे, दुसऱ्या हॉस्पिटलात. तुम्ही इव्हिनिंग मागून घेतलीत ना, अर्धं काम तिथेच झालं.

पहिलं म्हणजे तो जबाबदार व्यक्तीचा रकाना काढून टाका, काहीही करून. व्हेरिअन्स आणि इन्सिडंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पेशंट पडला, चुकीचं औषध गेलं तर त्याला इन्सिडंट फॉर्म आहे, त्याची चौकशी वेगळी होते. व्हेरिअन्स म्हणजे एवढंच की आखलेलं आणि घडलेलं यात फरक पडला. त्यात चूक असेलच असं नाही. ज्या पेशंटचं बीपी उभं केल्यावर खाली येतं त्याला न चालवणं हीच बरोबर ट्रीटमेंट, पण तीही लिहायची.

कारणांचे साधारण चार कप्पे करतात: पेशंटच्या तब्येतीमुळे किंवा इच्छेमुळे, स्टाफ किंवा डॉक्टरांच्या निर्णयामुळे, हॉस्पिटलच्या व्यवस्थेमुळे, आणि चौथा घरचं-बाहेरचं. तुमच्या वॉर्डात तिसरा कप्पा फॉर्मवर नसल्यामुळे सगळं पहिल्यात पडतंय. 'अनविलिंग'च्या खाली अजून एक ओळ ठेवा, 'त्या वेळी फिजिओ हजर होती का, हो/नाही'. बघा काय निघतं ते.

आणि सगळा पाथवे मोजू नका, सिस्टर मरतील लिहून लिहून. चारपाच ठिकाणं निवडा जिथे अडलं की पुढचं सगळं अडतं. ही कल्पना मुळात तिथूनच आलीय, १९५७ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीत कारखान्यांच्या कामासाठी क्रिटिकल पाथ काढायला लागले, कुठलं काम लांबलं तर पूर्ण काम लांबतं ते शोधायला, आणि १९८० च्या दशकात बोस्टनच्या न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये कॅरेन झँडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते पेशंटच्या काळजीला लावलं. झँडर स्वतः नर्स होती हे आपल्याकडे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

रातपाळी

ताई मीपण सिस्टरच. फॉर्म फाईलच्या मागे आहे हाच प्रॉब्लेम आहे, डिस्चार्जच्या दिवशी आठवून आठवून भरतात सगळे आणि आठवून लिहिलं की पेशंट अनविलिंगच लिहिलं जातं. आम्ही तो कागद ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरकडे सोपवताना, पुढे ठेवतो, बेडजवळ उभं राहून, आज काय व्हायचं होतं, झालं का, नाही तर कुठला नंबर. कारणांना नंबर दिलेत, टिक करायची फक्त, लिहायचं असेल तर एक ओळ. एका पेशंटला मिनिटभर जास्त लागतं पण पुढच्या ड्युटीला कळतं तरी की हिला अजून चालवलं नाहीये, म्हणजे त्याच पेशंटचा फायदा होतो, महिन्याच्या शेवटची वाट बघायची गरज नाही.

हाडवैद्य२

मी ऑर्थोचा सर्जन. आमच्या बाजूनेही ऐका. मला सुरुवातीला पाथवे म्हणजे कोणीतरी माझ्या डोक्यावर बसवलेला हिशेबनीस वाटायचा. प्रत्येक पेशंट वेगळा असतो हे खरंच आहे. पण नंतर मीच माझ्या केसेस बघितल्या आणि लक्षात आलं की मी प्लॅन सोडतो तेव्हा निम्म्या वेळा पेशंटसाठी सोडतो आणि निम्म्या वेळा सवयीने. तेव्हापासून प्लॅन बदलला की मी कारण एका ओळीत लिहितो, ते लिहायला लागलं की सवयीचं आपोआप गळतं.

कॅथेटरचं तर फार सोपं आहे. राउंडची वाट बघायचीच कशाला, स्टँडिंग ऑर्डर लिहून घ्या तुमच्या सरांकडून: 'ठेवा' असं लिहिलेलं नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सिस्टरने काढावा. कॅथेटर जितके दिवस राहतो तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो आणि नवीन सांधा बसवलेल्या पेशंटला ते परवडत नाही. त्या मुलीला माझ्या वतीने सांगा, चूक तिची नव्हती.

अबोली

सर, हे वाचून दाखवलं तिला. खूप आभार.

मोजपट्टीदादा, तुम्ही सांगितल्यावर काल जुने फॉर्म नुसते वारानुसार वेगळे केले. सोमवार-मंगळवारचे पेशंट बहुतेक वेळेत घरी गेलेत. शुक्रवार-शनिवारचे जे आहेत त्यांचा एकेक दिवस वाढलेला दिसतोय. रविवारी फिजिओ नसते आमच्याकडे! म्हणजे जिने राहतात, आणि आमचे पेशंट लालबाग-परळच्या चाळीतले, डोंबिवलीच्या लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधले, तिसऱ्या मजल्यावर जायचंय त्यांना, जिने न करता घरी पाठवणार कसं. फॉर्मवर मात्र 'पेशंट नॉट कॉन्फिडंट'. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यासमोर होतं.

आता प्रश्न असा की आमच्याकडे महिन्याला दहा-बारा केसेस, एवढ्याशा आकड्यांवर वर जाऊन बोलू शकते का मी?

मोजपट्टी

बोलू शकता, पण टक्केवारी घेऊन जाऊ नका. दहामधला एक पेशंट इकडचा तिकडे झाला की दहा टक्क्यांनी आकडा हलतो आणि मग लोक उगाच खूश होतात नाहीतर उगाच चिडतात. त्यापेक्षा रन चार्ट करा, वहीच्या चौकटीच्या कागदावरही होतो. दर आठवड्याला एक ठिपका, समजा ऑपरेशनपासून पहिल्या पावलापर्यंत किती तास गेले त्याचा मध्य, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला. सगळ्या ठिपक्यांच्या मधोमध आडवी रेघ मारा. लागोपाठ सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी खरंच बदललंय असं समजायचं. एकच ठिपका वर उडाला तर त्यावर मीटिंग नको, त्या पेशंटची फाईल वाचा, तेवढं पुरे.

यामागे जुना विचार आहे. १९२४ मध्ये वॉल्टर श्युहार्टने टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कारखान्यासाठी कंट्रोल चार्ट काढला, त्याचं म्हणणं असं की थोडा चढउतार कामाच्या पद्धतीतच असतो, तो माणसांना ओरडून जात नाही, पद्धतच बदलावी लागते. आणि काही वेळा वेगळंच कारण घडतं, ते मात्र शोधायचं. तुमचा रविवार पहिल्या प्रकारातला. दर आठवड्याला येणारच तो. त्या मीटिंगमध्ये पहिल्या प्रकारच्या गोष्टीसाठी एका माणसाचं नाव वाचलं गेलं, घोळ तिथे झाला.

परळवाला

मी हॉस्पिटलवाला नाही, आईचा गुडघा झाला तेव्हा सोबत होतो. सकाळी नऊला डॉक्टर म्हणाले घरी जा, आम्ही निघालो संध्याकाळी सहाला. आई दिवसभर कपडे बदलून बेडवर बसून होती आणि कोणाला विचारलं तर उत्तर एकच, टीपीएकडे (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी एजन्सी) आहे. २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसला हॉस्पिटलने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते, पण ती विनंतीच दुपारी दोनला गेली होती हे आम्हाला नंतर कळलं, कारण डिस्चार्ज समरी तयार नव्हती. तर ताई तुम्ही यातल्या वेळा लिहून ठेवता का? डॉक्टरांनी सांगितलं कधी, समरी झाली कधी, बिल कधी, टीपीएला गेलं कधी, पेशंट निघाला कधी.

अजून एक, कमोडची खुर्ची लागेल हे आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आणून ठेवली असती.

अबोली

दादा, कमोडची खुर्ची माझ्या डोक्यातच नव्हती, आमच्याकडेही ते शेवटच्या दिवशीच सांगतात. ते आता अॅडमिशनच्या आधी, ऑपरेशनआधीच्या फिटनेस तपासणीला येतात त्या दिवशीच विचारणार, घरी कमोड आहे का, मजला कितवा, लिफ्ट आहे का, सोबत कोण. चौथ्या कप्प्यातलं बरंच तिथेच मिटेल असं वाटतंय. डिस्चार्जच्या पाच वेळा पण घेते फॉर्मवर.

आज मेट्रन मॅडमशी बोलले. नाव काढायला आधी तयार नव्हत्या, मग मी त्यांना तो वारानुसार वेगळा केलेला गठ्ठा दाखवला, दहा मिनिटं बघत होत्या, म्हणाल्या तीन महिने नावाशिवाय करून बघ. कॅथेटरच्या ऑर्डरवर आमच्या दोन सरांची सही झाली, तिसरे अजून नाही म्हणतात. सोमवारपासून नवीन फॉर्म बेडजवळ सुरू, पाचच ठिकाणं: अँटिबायोटिकची वेळ, पहिलं पाऊल, कॅथेटर, जिने, डिस्चार्ज.

फिजिओचं मात्र अडलंय. रविवारी माणूस द्यायला अॅडमिन तयार नाही, आणि पाचनंतर थांबायला सांगितलं तर ती बदलापूरला राहते, घरी पोचायला तिला आठ वाजतात, तिला तरी कुठल्या तोंडाने सांगू. कुठे सिस्टरनाच पहिल्या पावलाचं ट्रेनिंग देऊन फिजिओशिवाय सुरक्षित चालवतात का? पडण्याची जबाबदारी, किती जणी लागतात, काय बघून ठरवतात, ज्यांच्याकडे हे चालू आहे त्यांनी प्लीज सांगा.

रातपाळी

आमच्याकडे चालू आहे ताई. आधी पायाची शक्ती बघतो, झोपूनच पाय सरळ उचलता येतो का, मग बेडच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसवून बीपी, चक्कर नसेल तरच उभं. दोघी लागतात, एक मावशी चालेल पण तिलाही शिकवलेलं हवं. फिजिओने आम्हाला प्रत्येकीला काही पेशंट स्वतःसमोर करून घ्यायला लावले, मग सही दिली. आमचा कागद टाईप करून टाकते इथे, आज नाईट आहे, उद्या घरी गेले की.