गिअरबॉक्सची तक्रार असलेली जुनी डस्टर घ्यावी की सोडावी?

बालाघाटकर

अंबाजोगाईत आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आपली २०१५ सालची रेनो डस्टर विकत आहेत. डिझेल, ११० पीएस, सहा गिअरची, एमएच २३ पासिंगची आणि १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली ही गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच आहे. ते ३ लाख ४० हजार मागत आहेत. गाडीवर बोजा नाही, रंग मूळचा आहे आणि इंजिन सकाळी थंड असतानाही एका चावीत सुरू होते. अडचण गिअरची आहे. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना खर्र असा आवाज येतो, आणि रिव्हर्स कधी सहज पडतो तर कधी दोन-तीन वेळा प्रयत्न करावा लागतो. मालकांचे म्हणणे असे की हात बसला की काही जाणवत नाही.

माझी गरज सांगतो. वडिलांची बायपास झालेली आहे आणि तपासणीसाठी त्यांना दर महिन्याला रेणापूरमार्गे लातूरला न्यावे लागते. आमचे शेत केजच्या बाजूला असून शेवटची दोन किलोमीटरची वाट निव्वळ काळ्या मातीची आहे. आमची छोटी गाडी जून ते सप्टेंबर तिकडे नेता येत नाही, कारण तिचे पोट चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला घासते. डस्टरची जमिनीपासूनची उंची २०५ मिलिमीटर आहे, आणि या उंचीची, पाच माणसे ऐसपैस बसतील अशी दुसरी गाडी माझ्या ४ लाखांत मिळत नाही. कर्ज काढायचे नाही. आरसी २०३० पर्यंत वैध आहे, म्हणजे काही वर्षे तरी पुनर्नोंदणीचा प्रश्न येत नाही. माझा कल गाडी घेण्याकडे आहे, परंतु गिअरबॉक्सच्या बाबतीत मला काही कळत नाही, म्हणून विचारतो.

मांजराकाठ

बालाघाटकर, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ही गाडी घेऊ नका.

गाडी वाईट आहे असे मी म्हणत नाही. आपल्याकडे २०१२ साली आलेल्या डस्टरने खराब रस्त्यांवर स्वतःला सिद्ध केलेले आहे. माझा आक्षेप तुमच्या गरजेशी निगडित आहे. ज्या गाडीत हृदयाच्या रुग्णाला बसवायचे, तिचे गिअर ऐन वेळी पडतील की नाही अशी शंका असता कामा नये. ऑक्टोबर संपला की आपल्या रस्त्यांवर उसाच्या जोड ट्रॉल्या सुरू होतात. त्यांना ओलांडताना दुसऱ्यावरून तिसरा टाकण्याची वेळ समोरून वाहन येत असतानाच येते, आणि तुम्ही सांगितलेला दोष नेमका तिथेच आहे.

दुसरी गोष्ट अशी की भारतात डस्टरचे डिझेल इंजिन २०२० मध्ये बीएस-सिक्स हे प्रदूषणाचे नियम लागू होताना बंद झाले आणि २०२२ मध्ये ती पिढीच थांबली. ज्या गाडीचे उत्पादन थांबते तिचे फिल्टर आणि ब्रेक पॅड अनेक वर्षे मिळत राहतात, मात्र गिअरबॉक्सच्या आतील लहान भागांसाठी ताटकळावे लागते. मी स्वतः हा अनुभव घेतला आहे. माझी एका परदेशी कंपनीची सेडान एका बेअरिंगसाठी २६ दिवस वर्कशॉपमध्ये उभी होती, आणि त्या काळात भाड्याच्या गाड्यांवर जो खर्च झाला तो बेअरिंगच्या किमतीच्या कितीतरी पट होता. अंबाजोगाईत जर ती गाडी महिनाभर उभी राहिली तर वडिलांना नेणार कशातून, हे आधी ठरवा.

चार लाखांत थोडी लहान, थोडी कमी उंचीची, परंतु जिचा प्रत्येक भाग परळीतही मिळतो अशी गाडी घ्या. शेताकडे दुचाकीने जाता येते.

गोदाकाठ

मांजराकाठ यांच्याशी मी सहमत नाही, आणि विशेषतः त्यांचे शेवटचे वाक्य मला पटत नाही. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर दुचाकीच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाकच फिरेनासे होते, हे त्यांनाही ठाऊक असेल. पंपाचा स्टार्टर, फवारणीची औषधे आणि सोबत एखादे माणूस घेऊन त्या वाटेने दुचाकीवर जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

माझ्याकडे सात वर्षांपासून रेनोचीच लॉजी आहे. तिचे १४६१ सीसीचे डिझेल इंजिन आणि डस्टरचे इंजिन मुळात एकच आहे. हेच इंजिन निसानच्या टेरानोमध्ये होते आणि त्याआधी नाशिकला तयार होणाऱ्या लोगनमध्ये व पुढे व्हेरिटोमध्येही होते. व्हेरिटो टॅक्सी म्हणून भरपूर चालल्या, त्यामुळे या इंजिनावर हात बसलेले मेकॅनिक आपल्या जिल्ह्यांतही आहेत. सहा गिअरचा बॉक्स टेरानोच्या आणि लॉजीच्या ११० पीएसच्या गाड्यांतही होता. रेनो ही फ्रेंच कंपनी असली तरी ‘फ्रेंच गाडी म्हणजे अनाथ गाडी’ हे समीकरण इथे लागू पडत नाही. नव्वदच्या दशकात कल्याणला तयार झालेल्या प्यूजो ३०९ च्या मालकांवर ती वेळ खरोखरच आली होती, आणि लोकांच्या मनातील भीती बहुधा तिथूनच आलेली आहे. आज नांदेड किंवा देगलूरचा माणूस हैदराबादहून आणि बाकीचे मुंबईच्या कुर्ल्याहून जुने परंतु चांगले भाग आणतात.

माझे मत असे की दोष असलेली गाडी दोषाच्या किमतीत घ्यावी. ३ लाख ४० हजार ही धडधाकट गाडीची किंमत झाली. भावात खरी घासाघीस करा.

वाळूजचा फिटर

मी वाळूजला बावीस वर्षे गिअरबॉक्सचेच काम करतो. वरच्या दोघांनीही दोष नेमका कुठे आहे हे न विचारता मत दिले आहे. बालाघाटकर सर, तुम्ही सांगितलेली दोन लक्षणे एकाच रोगाची असतील असे नाही. तिसऱ्या गिअरला येणारी खर्र आणि रिव्हर्सचा अडथळा यांतील एक दोष बॉक्सच्या आत असू शकतो आणि दुसरा क्लचमध्ये असू शकतो. या दोन कामांच्या खर्चात मोठा फरक आहे.

आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. ते मऊ पडत असतील आणि इंजिन सुरू केल्यावरच रिव्हर्स अडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. मग उभ्या गाडीत क्लच पेडल तीन-चार वेळा भराभर दाबून लगेच रिव्हर्स टाका. तेव्हा तो सहज पडला तर क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये दाब कमी पडतो आहे. या गाडीत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा भाग, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, बेल हाउसिंगच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. त्याचे सील झिजले की क्लचच्या टाकीतील ऑइल हळूहळू कमी होते आणि पेडल खाली राहू लागते. भाग लहान असला तरी तो बदलण्यासाठी संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून त्याच वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि शाफ्टचे सील बदलून घेणे शहाणपणाचे ठरते.

तिसऱ्या गिअरसाठी चाचणी वेगळी आहे. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्यावरून न्यूट्रल करून क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि मग तिसरा टाका, यालाच दुहेरी क्लच म्हणतात. असे केल्यावर खर्र नाहीशी झाली तर सिंक्रो रिंग झिजली आहे. ही पितळेची कडी गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवून देते. ती झिजल्यावर दात एकमेकांवर आपटू लागतात, आणि तरीही गाडी तशीच चालवली तर पुढे दातच जातात. हात बसला की काही जाणवत नाही असे मालक म्हणतात, याचा अर्थ ते ही गाडी बऱ्याच दिवसांपासून अशीच चालवत आहेत.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा. गाडी चिखलात रुतल्यावर ती स्वतः काढली की ट्रॅक्टर लावला? काळ्या चिखलात अर्धा क्लच धरून पुढे-मागे झोके देत गाडी काढणारे लोक एका पावसाळ्यात क्लचचे आयुष्य संपवतात, आणि तो दोष मग गाडी बनवणाऱ्याच्या माथी मारला जातो.

शेवटी गिअर ऑइल काढून पाहण्याची परवानगी मागा. मालक नाही म्हणाले तर तिथेच व्यवहार थांबवावा.

मांजराकाठ

फिटर साहेबांची माहिती मोलाची आहे आणि त्यांच्या चाचण्या बिनचूक आहेत. तरीही माझा मुद्दा कायम आहे, कारण चाचणीतून दोष कळतो, परंतु तो दुरुस्त झाल्यावर किती टिकेल हे कळत नाही. उघडलेला गिअरबॉक्स पुन्हा बसवताना बेअरिंगचे अंतर अचूक राखावे लागते, आणि ते काम जाणणारी माणसे वाळूज-चिकलठाण्याच्या पट्ट्यात असली तरी अंबाजोगाईपासून ती दूर आहेत.

बालाघाटकर

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी लातूरचे एक मेकॅनिक सोबत घेऊन गाडी पाहिली. मालकांनी मनापासून सहकार्य केले, हे आवर्जून नोंदवतो.

इंजिन बंद असताना सगळे गिअर अगदी मऊ पडले. सुरू केल्यावर रिव्हर्स अडला, पेडल चार वेळा दाबून टाकला तेव्हा सहज पडला. क्लचच्या टाकीत ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. रुतण्याबद्दल विचारले, तेव्हा मालकांच्या मुलाने सांगितले की मागच्या पावसाळ्यात गाडी दोनदा अडकली होती आणि तिला ‘रेस देऊन’ काढले होते. रेणापूर रस्त्यावर दुहेरी क्लच करून तिसरा टाकला तेव्हा आवाज आला नाही.

मग ऑइल काढले. मेकॅनिकने गाडीखाली पांढरा एनॅमलचा ट्रे ठेवला होता. ऑइल काळपट निघाले आणि ते संथ झाल्यावर उन्हात तळाशी सोनेरी भुकटी चमकू लागली. मेकॅनिकने स्पीकरमधून काढलेले जुने चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रेमध्ये फिरवले. पिशवीला करड्या रंगाचा पातळ लेप लागला, परंतु सोनेरी कण तसेच तळाशी राहिले. ते म्हणाले, करडा लेप या वयाच्या गाडीत असतोच, लोखंडाचे तुकडे चिकटले असते तर मी तुम्हाला घरी जा म्हटले असते, हे पितळ म्हणजे सिंक्रो रिंगचे आहे. मी तो ट्रे बराच वेळ पाहत राहिलो, आणि मालकही माझ्या शेजारी उकिडवे बसून पाहत होते. ऑइल आतापर्यंत कधी बदलले होते का, असे विचारले तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटले.

मेकॅनिकचा अंदाज असा की क्लच, स्लेव्ह सिलिंडर, सील, तिसऱ्याची आणि सोबत दुसऱ्याची सिंक्रो रिंग व मजुरी मिळून ६८ हजार लागतील. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नाही, म्हणून तो आणि त्याच्यासोबतचे काम धरून १२ हजार वेगळे काढले. ३ लाख ४० हजारांतून हे ८० हजार वजा करून, उघडल्यावर निघू शकणाऱ्या गोष्टींसाठी आणखी ५ हजार सोडून मी २ लाख ५५ हजार सांगितले. ते २ लाख ९० हजारांवर थांबले आहेत. इसार दिलेला नाही.

गोदाकाठ

निष्कर्ष चांगला आहे. दात शाबूत आहेत आणि मालक सरळ आहेत, ही दुसरी गोष्ट जुन्या गाडीच्या व्यवहारात पहिलीइतकीच महत्त्वाची. २ लाख ७० हजारांपर्यंत जायला हरकत नाही.

मांजराकाठ

हरकत आहे. उघडल्यावर निघणाऱ्या गोष्टींसाठी ५ हजार हा अंदाज फार तोकडा आहे. पितळेची भुकटी इतके दिवस त्याच ऑइलमध्ये फिरत होती आणि तेच ऑइल बेअरिंगमधूनही जात होते. एक शाफ्ट बेअरिंग जरी निघाले तरी हिशेब कोलमडेल. माझा विरोध मी मागे घेत नाही, मात्र गाडी घ्यायचीच असेल तर २ लाख ३० हजारांच्या वर जाऊ नका आणि उरलेले पैसे गाडीसाठी स्वतंत्र ठेवा. आणखी एक विनंती आहे. पहिले तीन महिने वडिलांना त्या गाडीतून लातूरला नेऊ नका. आधी शेताच्या वाटेवर आणि जवळपास चालवून खात्री करून घ्या.

बालाघाटकर

मांजराकाठ, तुमची विनंती मान्य आहे आणि ती मी घरातही सांगितली. आमची छोटी गाडी विकायचा विचार होता, तो आता पुढे ढकलला आहे, म्हणजे लातूरच्या फेऱ्या तिच्यातूनच होतील. बेअरिंगचा मुद्दा मेकॅनिकलाही पटला. त्यामुळे मी २ लाख ४५ हजार हा शेवटचा आकडा मालकांना कळवला आहे, आणि पोळ्यापर्यंत थांबेन असे सांगितले आहे. तोवर त्यांना दुसरे गिऱ्हाईक मिळाले तर माझी काही तक्रार नाही.

वाळूजचा फिटर

व्यवहार ठरला तर गाडी या अवस्थेत लांब चालवू नका. लातूरलाच काम करायचे असेल तर तिथपर्यंत फार तर दुहेरी क्लच करत, हळू न्या. सिंक्रो रिंग जुनी बसवू देऊ नका, कुर्ल्याहून किंवा हैदराबादहून आणलेली वापरलेली कडी म्हणजे पुन्हा तोच खर्च. केसिंग, शाफ्ट असे भाग जुने चालतात. बॉक्स उघडल्यावर तिसऱ्याच्या दातांच्या टोकांचा फोटो मागवून घ्या. टोके अणकुचीदार असतील तर ठीक आहे. गोल झाली असतील तर तो गिअरही बदलावा लागेल, आणि ते काम सुरू करण्याआधी मला कळवा. भरताना ७५ डब्ल्यू ८० चेच ऑइल वापरा, घट्ट ऑइल घातल्याने आवाज कमी होतो असे कोणी सांगितले तर ऐकू नका, कारण थंडीत सकाळी त्याने सिंक्रोला आणखी त्रास होतो. आणि जुन्या मालकांच्या मुलाला एक निरोप द्या: पुढच्या वेळी रुतली तर ट्रॅक्टर लावा.