घणसोली: सोसायटीच्या मातीत पीएएच आहेत का, कुठे आणि कसं तपासावं?

कुंपणकाठ:
सोसायटी ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आहे. कोपऱ्यात मुलांची खेळायची जागा, शेजारी पालक-माठाचे वाफे. डिझेलचा धूर रोजचाच, मागे कचराही जाळतात. पॉलीसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन (पीएएच, इंधन-कचरा अर्धवट जळताना बनणारी संयुगं) तपासायचेत. माती परीक्षण केंद्रात होईल का? नमुना कसा घ्यावा?

तांबडीमाती:
माती परीक्षण केंद्रात नाही होणार. तिथे सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश. पीएएचसाठी जीसी-एमएस लागतं, म्हणजे संयुगं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली पर्यावरण प्रयोगशाळा शोधा, पण नुसत्या मान्यतेवर जाऊ नका. मान्यतेच्या व्याप्तीपत्रात 'माती' आणि 'पीएएच' दोन्ही आहेत का ते बघा. बऱ्याच ठिकाणी फक्त पाण्यासाठी असतं.

खेळायच्या जागेचा नमुना वरच्या 5 सेंमीचा, वाफ्यांचा 15 सेंमीपर्यंतचा. दोन्ही वेगळे. प्रत्येकासाठी 8-10 ठिकाणची सारख्याच मापाची माती स्टीलच्या भांड्यात कालवा, ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा. पुरेशी कमी होईपर्यंत हेच. तपकिरी काचेची 250 मिलीची बरणी, टेफ्लॉन अस्तराचं झाकण. प्लास्टिक पिशवी नको, पीएएच तिला चिकटतात. उन्हात तुटतातही, म्हणून तपकिरी काच. बर्फाच्या पेटीत 4 अंशांच्या आसपास ठेवा, 14 दिवसांत अर्क निघायला हवा.

आणि माती वर्तमानपत्रावर वाळवू नका! शेतीच्या नमुन्याची ती सवय इथे घात करते, शाईतच काजळी असते. ओव्हनमध्ये तर नकोच, नॅफ्थलीनसारखे हलके पीएएच उडून जातात. ओलीच पाठवा, ओलावा प्रयोगशाळा वेगळा मोजेल.

उलटतपासणी:
जागा निवडताना: डांबराच्या कडेपासून लांब राहा. खडीचा एक डांबरी कण बरणीत गेला तर आकडा फुगतो आणि तो हवेतून आलेला नसतो. होळी पेटवायची जागा, राख टाकलेला वाफा, जनरेटरच्या धुराड्याखालची माती, यांचे वेगळे नमुने घ्या, एकत्र कालवलेत तर उत्तर कशाचंच मिळत नाही. नवी मुंबईत भराव फार, कुठून आणलाय ते विचारा. रस्त्यापासून लांबचा एक नमुना तुलनेला हवाच. शिवाय एकाच मातीच्या दोन बरण्या, दुसरीवर भलतंच नाव. दोन्ही आकड्यांत फार फरक पडला तर आधी प्रयोगशाळेला जाब विचारा.

कुंपणकाठ:
अहवालात काय बघायचं? 'एकूण पीएएच' एवढाच आकडा पुरेल?

तांबडीमाती:
नाही. पीएएचमधल्या नेहमी मोजल्या जाणाऱ्या 16 संयुगांचे वेगवेगळे आकडे मागा, कोरड्या वजनावर. कोऱ्या नमुन्याचा (माती न घालता केलेल्या चाचणीचा) निकाल आणि अर्क काढण्याआधी मुद्दाम घातलेल्या ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनच्या) संयुगांची वसुली, म्हणजे घातलेल्यातलं किती परत सापडलं ते टक्क्यांत, तीही मागा. वसुली 40 टक्के असेल तर 'आढळले नाही' याला काही अर्थ नाही. चिकणमाती आणि जास्त सेंद्रिय कर्बाच्या मातीत असं होतं, पीएएच घट्ट धरून बसतात.

खरी नजर त्यातल्या बेन्झो-ए-पायरीनवर. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणारं म्हणून ठेवलंय. डिझेलचा धूरही 2012पासून त्याच गटात. मिग्रॅ प्रति किलो की मायक्रोग्रॅम प्रति किलो, एकक तपासा. हजारपटीची चूक इथेच होते.

उलटतपासणी:
स्रोताचा अंदाज हवा असेल तर त्याच 16मधली दोन संयुगं घ्या: फ्लुओरॅन्थीनला फ्लुओरॅन्थीन अधिक पायरीनच्या बेरजेने भागा. 0.4खाली न जळलेलं तेल, 0.4 ते 0.5 पेट्रोल-डिझेलसारखं द्रव इंधन, 0.5च्या वर लाकूड-कोळसा-पालापाचोळा. उदा. 60 आणि 70 असेल तर 0.46. पण उन्हापावसात गुणोत्तर सरकतं, त्यामुळे 0.49 आणि 0.51वरून सोसायटीच्या सभेत भांडू नका.

कुंपणकाठ:
निकाल येईपर्यंत वाफे बंद करायचे का?

तांबडीमाती:
गरज नाही. मुळांतून पानात फार थोडं चढतं, पानावर बसलेली धूळ आणि उडालेली माती हाच मोठा मार्ग. वाफ्यांवर पेंढ्याचं आच्छादन घाला, पालेभाजी तीन पाण्यांतून काढा. मुलांच्या जागेत उघडी माती ठेवू नका, हिरवळ लावा. मुलं खेळून आली की आधी हात धुवायला लावा.

कुंपणकाठ:
आभार. बरण्या मिळाल्या की रविवारी चार नमुने काढतो: खेळायची जागा, वाफे, कचरा जाळतात ती जागा, लांबचा एक.

उलटतपासणी:
पाचवी बरणी विसरलात, भलत्या नावाची.