बायबल सलग एकच तारणाची गोष्ट आहे का, की आपणच तशी जुळवतो?

बरीच वर्षं मी बायबल तुकड्यातुकड्यात वाचलं, रोज एक वचन आणि झालं. मग एकदा उत्पत्तीपासून सलग वाचायला घेतलं आणि एदेन बागेतलं जीवनाचं झाड, ज्याची वाट ३ऱ्या अध्यायात बंद होते, ते थेट प्रकटीकरण २२ मध्ये परत भेटलं तेव्हा अंगावर काटा आला. मधे गुलामीतून सुटकेच्या रात्री कापलेलं वल्हांडणाचं कोकरू, यशया संदेष्ट्याच्या ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक, मग येशूला बघून बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो हा पाहा देवाचा कोकरा... मला तरी ही एकच गोष्ट वाटते, देव माणसाला कसा तारतो, म्हणजे वाचवतो, त्याची. तुम्ही कसं वाचता?

> नाही पटत. शेवट माहीत असला की मागचं सगळं जुळतंच. होशेय संदेष्ट्याचं ११:१ बघा, मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, मुलाला बोलावलं हे तिथे इस्राएलबद्दल आहे, घडून गेलेलं, भविष्य नाहीच, मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ते येशूला लावलं. आणि यहुदी लोकांचा तनाख, म्हणजे त्यांचं बायबल, शेवटी इतिहासाच्या पुस्तकावर थांबतो, पर्शियाचा कोरेश राजा यहुद्यांना म्हणतो यरुशलेमला परत जा. आपला जुना करार मलाखीवर संपतो, एलीया संदेष्टा येणार म्हणून. पुस्तकं तीच, क्रम बदलला की गोष्टच बदलली ना?

>> क्रमाचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता. पण मत्तयाला होशेय कळला नव्हता असं नाही हो, इस्राएल ज्या वाटेने गेला त्याच वाटेने येशू जातो हे त्याला दाखवायचंय, मिसर, मग पाणी, मग रान. आणि मागे वळून वाचायला लूक २४ मध्ये पुन्हा उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूच शिष्यांना शिकवतो.

> मार्किओन नावाचा ख्रिस्ती शिक्षक विसरू नका. २ऱ्या शतकात तो जुना करारच नको म्हणत होता. एकच गोष्ट हा आग्रह नसता तर ख्रिस्ती माणसाच्या हातात आज उत्पत्ती, यशया काही उरलं नसतं.

> माझी अडचण वेगळी आहे. घरात मृत्यू झाला तेव्हा जो तो पुढचं सांगायचा, पुनरुत्थान आहे, आशा आहे. मला आधार दिला तो स्तोत्र ८८ ने, जे अंधारावरच संपतं. ईयोब, उपदेशक या दुःखावरच्या पुस्तकांना पण आपण बोलूच देत नाही, लगेच गोष्टीत ओढतो.

>> वाईट वाटलं वाचून. ८८ ला मी काही जोडणार नाही. पण स्तोत्र २२ ची पहिली ओळ, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास, येशू वधस्तंभावर तीच ओरडतो, म्हणजे अंधार या गोष्टीच्या बाहेर नाही, अगदी मधोमध आहे, मी तिला धरून आहे ते त्यामुळेच.

>>> हे मान्य. फक्त स्तोत्र आधी स्तोत्र म्हणून पुरतं वाचा, वधस्तंभापर्यंत मग जाऊ.