सोसायटीच्या थिएटर रूममध्ये सिनेमातलं बोललेलं कळत नाही, म्हणून स्पीकर बदलायचे?

ए-३०४: काल पुन्हा तोच प्रकार. गोळीबार सुरू झाला की खुर्ची हलते, आणि माणसं बोलायला लागली की नुसती कुजबुज. पूर्ण वेळ रिमोट हातात. समितीला तोंडी सांगून थकलो म्हणून आता ग्रुपवर लिहितोय. नव्या स्पीकरचं कोटेशन येऊन पडलंय, निर्णय कधी?

सेक्रेटरी: नमस्कार काका 🙏 विषय समितीसमोर आहेच. सर्वांच्या माहितीसाठी पीडीएफ पुन्हा टाकतो. नवा ७.१.४ सेट आहे, म्हणजे भोवती सात स्पीकर (त्यात पुढे दोन उभे टॉवर), एक सबवूफर म्हणजे जाड, धमधम आवाजाचा स्पीकर, आणि छतात चार. मतं मांडावीत, फक्त भाषा सांभाळून.

ए-२०१: छतात चार म्हणजे कुणाच्या छतात?

बी-४०३: काकू, तुमच्या जमिनीत 😄

ए-२०१: मी विनोद करत नाहीये. ती खोली माझ्या हॉलच्या बरोबर खाली आहे. आत्ताच सबवूफर लागला की कपाटाच्या काचा वाजतात. सबवूफरचं काय ते आधी ठरवा.

सेक्रेटरी: काकू, स्लॅबला हात लागणार नाही. फॉल्स सीलिंग आहे त्यात बसतील.

खजिनदार: प्रोजेक्टरच्या वेळचं पुन्हा नको. तेव्हाही "एवढंच फक्त" म्हणूनच सुरुवात झाली होती.

ए-३०४: प्रोजेक्टरचा इथे काय संबंध? आणि तो निर्णय कोणाच्या आग्रहामुळे झाला हे मला ग्रुपवर बोलायला लावू नका.

ए-४०२: रॅम्पवर पांढरी गाडी कोणाची आहे? प्लीज काढा.

बी-१०२: कोटेशनवर बोलण्याआधी एक विचारू का? सेंटर स्पीकर वाजतोय की नाही हे कोणी कान लावून पाहिलंय? सिनेमातलं बहुतेक बोलणं त्या एकाच स्पीकरमधून येतं. आपला टीव्हीखालच्या कपाटात अगदी आत ढकललेला आहे, समोर गेमचा डबा ठेवलाय आणि तोंड आपल्या गुडघ्यांकडे. त्याला दोष देण्याआधी निदान बाहेर तरी काढू.

ए-३०४: म्हणजे आम्हाला ऐकू येत नाही असं म्हणायचंय?

बी-१०२: तसं अजिबात नाही काका. मलाही बोलणं कळत नाही, म्हणून तर विचारतोय.

ए-३०४: मी स्वतः शोरूमला जाऊन हा सेट ऐकून आलोय. कपड्याची सळसळ ऐकू येते. सळसळ! आपल्याकडे माणूस ओरडला तरी कळत नाही.

बी-१०२: शोरूमच्या खोलीत जाड गालिचा, भिंतींना पॅनेल, आणि दुकानदाराने निवडलेला तुकडा. आपल्याकडे गुळगुळीत फरशी, उजवीकडे काचेचं दार, तीन भिंतींवर काहीच नाही. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, टर्रर्र असा आवाज परत येतो. तो प्रत्येक शब्दावर बसतो. कितीही भारी स्पीकर आणला तरी त्याच खोलीत वाजणार.

ए-२०१: सबवूफरचं काय?

बी-५०१: टाळी मी वाजवून पाहिली आहे, खरंच तसं होतं. जाड पडदे लावा असं मी मागेच सुचवलं होतं. तेव्हा "थिएटर आहे, लग्नाचा हॉल नाही" असं उत्तर मिळालं. कोणी दिलं ते सांगत नाही.

ए-३०४: 🙄

बी-४०३: रिमोटमधले सेल पण कोणीतरी घेऊन गेलंय. कोटेशनमध्ये सेल आहेत का बघा.

खजिनदार: सेल गेल्या महिन्यात टाकले होते. वहीत नोंद आहे.

सेक्रेटरी: विषयावर राहू या.

ए-३०४: मी समितीला एवढंच सांगतो, चांगल्या वस्तूला पैसे पडतात. आणि स्पीकर हा असा भाग आहे जो पंधरा-वीस वर्षं सहज टिकतो. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा डबा, जुना होतो, टीव्ही जुना होतो, चांगला स्पीकर होत नाही. हा खर्च नाही, गुंतवणूक आहे.

बी-१०२: टिकण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पैसे घालायचेच तर स्पीकरमध्ये घालावेत हेही खरं. पण कोटेशनचं दुसरं पान बघा. टॉवरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेत किती मोठं वाजतो ते, ८४ डेसिबल. आपल्या आत्ताच्या स्पीकरची ८८. तेवढ्याच आवाजासाठी नव्यांना अडीच पट वीज लागेल. शिवाय ७ आणि वरचे ४ मिळून ११ चॅनल, म्हणजे आवाजाच्या ११ वेगळ्या वाटा झाल्या. आपल्या रिसीव्हरमध्ये अँप्लिफायर सातच. बाकीचे चार कशावर चालणार?

खजिनदार: म्हणजे अजून एक अँप्लिफायर? तो या रकमेत नाही?

बी-१०२: पीडीएफमध्ये तरी दिसत नाही. बहुधा अँप्लिफायर नाही, रिसीव्हरच बदलावा लागेल. ११ चॅनल हाताळू शकेल असा प्रोसेसरही लागतो.

खजिनदार: सेक्रेटरीसाहेब, हे तुम्हाला माहीत होतं?

सेक्रेटरी: मी दुकानदाराला विचारून कळवतो.

खजिनदार: प्रोजेक्टर.

ए-३०४: प्रत्येक वेळी प्रोजेक्टर प्रोजेक्टर काय लावलंय! छताचे चार सोडून द्या मग. मला हेलिकॉप्टर डोक्यावरून जायला नको आहे, माणसं काय बोलतात ते कळायला हवंय.

बी-४०३: काका, हेच पहिल्या मेसेजमध्ये लिहिलं असतंत तर १०२ दादांचं इतकं टायपिंग वाचलं असतं 🙏

ए-२०१: मी तिसऱ्यांदा विचारतेय. सबवूफरचं काय? फोम लावणार होते त्याचं काय झालं?

बी-१०२: काकू, उत्तर देतो, राग मानू नका. भिंतीला चिकटवायचा फोम खोलीतली खणखण कमी करतो. बास, म्हणजे सबवूफरचा जाड आवाज, वर जायचा थांबवत नाही. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास असते, ४० हर्ट्झची साडेआठ. दोन इंची फोमला ती दादही देत नाही. ती अडवायला वजनदार आणि मूळ भिंतीपासून सुटं बांधकाम लागतं, म्हणजे खोलीच्या आत दुसरी खोली. ते आपण करणार नाही. मग हातात राहतं ते एकच, बास हवा तेवढाच ठेवणं.

ए-२०१: मग ठेवा ना! कोण वाढवतं?

बी-५०१: 👀

बी-१०२: कोण यापेक्षा का वाढवतं ते सांगतो, कारण त्यात कोणाची चूक नाही. खोली पुढून मागे साधारण ६ मीटर. अशा लांबीत २९ हर्ट्झच्या आसपासचा बास दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. आपली मधली रांग अगदी मध्यावर आहे. तिथे बसणाऱ्याला बास लागत नाही, म्हणून तो सबवूफरचं बटण पिळतो. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्यांच्या पोटात ढवळतं, आणि २०१ मध्ये काचा वाजतात.

बी-४०३: मधल्या रांगेत नेहमी कोण बसतं हा प्रश्न मी विचारणार नाही.

ए-३०४: मधली रांग ही सर्वात चांगली जागा असते. कुठल्याही थिएटरमध्ये जाऊन बघा.

बी-१०२: चित्रासाठी असेलही काका. इथे रांग हातभर पुढे-मागे सरकवली तरी फरक पडेल. आणि पुढे-मागे समोरासमोर असे दोन छोटे सबवूफर ठेवले तर हा चढउतार बराच मरतो. एका राक्षसापेक्षा दोन लहान बरे.

ए-२०१: दोन???

बी-१०२: काकू, दोन म्हणजे दुप्पट आवाज नाही. प्रत्येक कमी वाजवायचा. सगळ्या रांगांना सारखा मिळाला की कोणी बटण पिळत नाही.

ए-२०१: एकाने हे होतंय आणि तुम्ही दोन आणताय. लेखी द्या मला.

सी-३०२: *फॉरवर्डेड* सुप्रभात! मन शांत तर जग शांत 🌸

बी-४०३: ३०२ आजोबा, वेळ अचूक साधली.

ए-४०२: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

बी-५०१: मला एक विचारायचं होतं. खोली वापरतात किती घरं? बुकिंगच्या वहीत तीच तीच चार नावं आहेत. मला स्पीकरला विरोध नाही, पण बाकीच्यांनी पैसे का भरावेत याचं उत्तर सभेत द्यावं लागेल.

ए-३०४: बोलणं कळत नाही म्हणून लोक येत नाहीत. कळायला लागलं की येतील. एवढं साधं आहे. आणि तुमच्या जिमच्या सायकली किती जण वापरतात तेही वहीत बघा.

बी-५०१: जिम काढलीत तर मग मीही प्रोजेक्टर काढते.

सेक्रेटरी: सर्वांना हात जोडून विनंती 🙏🙏

बी-१०२: मी आणि ४०३ आत्ता खाली जातोय. किल्ली आहे का कोणाकडे?

सेक्रेटरी: वॉचमनकडे. वहीत सही करून घ्या.

बी-४०३: थेट प्रक्षेपण. सेल नाहीतच. माझ्या घरच्या रिमोटचे आणलेत, परत हवेत.

बी-१०२: बरं, ऐका. सापडलंय.
टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटला पीसीएम लावलेलं आहे, त्यामुळे रिसीव्हरपर्यंत दोनच चॅनल पोचतात. रिसीव्हरच्या पट्टीवर चक्क "स्टीरिओ" लिहून येतंय. म्हणजे सेंटर स्पीकर वाजतच नव्हता. मागचे दोनही नाहीत. आपण पाचातले दोन स्पीकर आणि एक सबवूफर ऐकत होतो.
दुसरं, डाव्या स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्यात, लाल जागी काळी. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोन्हींत सारखं असलेलं सगळं, म्हणजे नेमकं बोलणं, मधून यायच्या ऐवजी विरून जातं.
तिसरं, सबवूफरचं बटण शेवटच्या टोकाला.
आणि रिसीव्हरसोबत मोजणीचा जो माईक येतो तो पाकिटातून बाहेरसुद्धा आलेला नाही.

खजिनदार: 🤐

बी-५०१: तारा उलट्या कोणी जोडल्या?

सेक्रेटरी: रंगकामाच्या वेळी स्पीकर उतरवले होते. तेव्हा झालं असावं.

ए-३०४: रंगकामावर देखरेख समितीची होती. मी बाहेरगावी होतो.

सेक्रेटरी: काका, परत जोडताना आपण हजर होतात असं वाटतं, पण राहू दे.

ए-३०४: मी फक्त टीव्ही सरळ लागलाय का ते बघत होतो.

बी-१०२: टीव्हीचं आउटपुट बिटस्ट्रीम केलंय, म्हणजे सगळे चॅनल रिसीव्हरपर्यंत जातात, तारा सरळ केल्या, सेंटर कपाटाच्या कडेपर्यंत ओढून त्याचं तोंड थोडं वर केलं, गेमचा डबा हलवला. बटण मध्यावर आणलंय. काका, पाच मिनिटं येता का? २०१ काकू, तुम्ही घरातच थांबून सांगा.

ए-२०१: लावा. मी कपाटापाशी उभी आहे.

ए-२०१: आत्ता लावलंय का?

बी-४०३: तीन मिनिटं झाली काकू, सिनेमात बॉम्ब पडतायत.

ए-२०१: पुसटसं येतंय. काच वाजत नाहीये. पण हे बटण उद्या परत कोणी फिरवलं तर? त्यावर चिकटपट्टी लावा.

ए-३०४: ऐकून आलो. बोलणं स्पष्ट आहे, ते मान्य करतो. पण शोरूममध्ये जो भरीवपणा होता, तो नाही. आवाज पातळ आहे. मी मागे हटत नाहीये, नोंद घ्या.

बी-१०२: पातळ वाटत असेल, मोजणी अजून व्हायची आहे. रविवारी माईक कानाच्या उंचीवर ठेवून तीन-चार जागांवरून मोजून घेऊ, त्यात प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी रिसीव्हर स्वतः जुळवतो. आवाज-मोठा-आवाज-लहान हा त्रास राहिला तर नाईट मोड आहे. फरशीवर गालिचा, काचेच्या दाराला जाड पडदा. त्यानंतरही काकांना भरीव हवं वाटलं तर पुढचे तीन बदलू, मी स्वतः ठरावाला हात वर करीन. पण तिन्ही एकाच मालिकेतले. माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला की त्याचा आवाज बदलता कामा नये.

बी-५०१: पडद्याचा रंग मी ठरवणार.

खजिनदार: पडदा किरकोळ खर्चात बसतो. त्याला सभा लागत नाही.

ए-३०४: आणि पुढचे तीन निवडायचे कसे? पुन्हा शोरूम नको म्हणाल.

बी-१०२: दुकानदाराला म्हणावं, आपल्या खोलीत आणून वाजव. जुने आणि नवे, दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करायचा, कारण किंचित मोठं वाजलं तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो. आणि समोर पातळ कापड धरायचं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ मध्ये नेमकं हे करून दाखवलं होतं. तेच श्रोते, तेच स्पीकर. डोळ्यांसमोर असताना मोठे आणि देखणे स्पीकर पुढे, पडद्याआड गेल्यावर तो फरक बराच आटला. ऐकणारेही नवखे नव्हते, स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच लोक होते.

ए-३०४: मला कापड धरलं तरी कळेल.

बी-४०३: काका, पैज?

खजिनदार: सोसायटीच्या ग्रुपवर पैज चालणार नाही.

ए-३०४: पैज नाही, आव्हान समजा. मी डोळे मिटून ओळखतो.

बी-१०२: मग ठरलं. कळलं तर ठराव मी लिहितो, आणि मनापासून लिहितो.

सेक्रेटरी: नोंद करतो. १) कोटेशन स्थगित, छतातले चार रद्द. २) रविवारी मोजणी, १०२ आणि ४०३. ३) पडदा आणि गालिचा, ५०१ ताई. ४) त्यानंतर पुढच्या तीन स्पीकरची आपल्याच खोलीत, कापड धरून चाचणी. दुकानदार येत नसेल तर दुसरा बघू. सर्वांना मान्य?

ए-३०४: मान्य. पण चौथा मुद्दा गाळला जाऊ नये, मी आठवण करत राहीन.

बी-५०१: 👍

ए-२०१: पाचवा मुद्दा लिहा. सबवूफरची पातळी मोजणीनंतर जी येईल ती कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवायची, आणि दुसरा आणायचा असेल तर आधी माझ्या घरात उभं राहून ऐकायचं.

बी-१०२: पाचवा एकदम योग्य. खरं तर तो पहिला हवा.

सेक्रेटरी: पाचवा मुद्दा घेतला.

खजिनदार: आणि रिमोट वॉचमनकडे जमा. सेल मोजून.

बी-४०३: त्यातले दोन माझे आहेत.